पेंटोथॉल दिलेला माणूस दहा मिनिटांत जागा होतो, मग औषध जातं कुठे?

अबोली

मी भूलतज्ज्ञ. तालुक्याच्या गावी बावीस वर्षं भूल देतेय. हा विषय बरेच दिवस मनात आहे, आज वेळ मिळाला म्हणून लिहिते.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका बाईंची पिशवी साफ करायची होती, दहाएक मिनिटांचं काम. पेंटोथॉल दिलं. पिवळसर पूड असते, ती निर्जंतुक पाण्यात विरघळवून अडीच टक्क्यांचं द्रावण करायचं आणि शिरेतून सावकाश सोडायचं. त्यांना म्हटलं, आकडे म्हणा. मध्येच म्हणाल्या, "मॅडम, तोंडात लसणासारखं लागतंय," आणि बावीसवर थांबल्या. काम आटोपेपर्यंत डोळे उघडले होते. नाव सांगितलं, नवऱ्याला ओळखलं, चहा मागितला. दोन तासांनी नवरा म्हणाला, "चांगली बोलतेय की, नेतो घरी." मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्या चुलीपुढे बसल्या. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि उलटायच्या आधी बसल्या जागी डोळा लागला. हात तव्यावर गेला. तळहात आणि मनगट पोळलं. दुसऱ्या दिवशी मलमपट्टीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मलाच मेली झोप आवरली नाही." ते मला फार लागलं. चूक माझी होती. जाग आली म्हणजे औषध गेलं, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या घरी निघाल्या तेव्हा दिलेल्या औषधातलं बरंचसं त्यांच्या अंगातच होतं.

पेंटोथॉल, म्हणजे थायोपेंटोन, हे बार्बिट्युरेट गटातलं औषध. मेंदूत गाबा नावाचं एक शांतवणारं रसायन असतं. ते पेशीवरच्या ज्या ग्राहीवर, म्हणजे त्याच्यासाठीच्या खास जागेवर, बसतं तिथेच शेजारी हे औषध चिकटतं आणि तिथलं दार जास्त वेळ उघडं ठेवतं. पेशी मंदावतात, माणूस झोपतो. आता जाग यायला औषधाचा नाश व्हावा लागत नाही. त्याने मेंदूतली जागा सोडली की पुरे. अंगात इतरत्र कुठेही जाऊन बसलं तरी माणूस डोळे उघडतो.

जातं कुठे? आमच्याकडे उसाला पाटाचं पाणी देतात, त्यावरून सांगते. पाटाच्या तोंडाशी असलेली सरी आधी भरते. मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडं ही तोंडाजवळची सरी. यांचं वजन शरीराच्या साधारण १० टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा ७५ टक्के वाटा यांना मिळतो. म्हणून अर्ध्या मिनिटात झोप लागते. स्नायू म्हणजे मधलं मोठं वावर, शरीराचं जवळजवळ निम्मं वजन. तिथे रक्त कमी वेगाने पोचतं, पण जागा खूप. चरबी म्हणजे पार टोकाची काळी जमीन. पाणी तिथे थेंब थेंब जातं, पण ती पीत राहते.

शेताचं पाणी मात्र परत वर येत नाही, औषध येतं. रक्तातली पातळी उतरली की मेंदूत शिरलेलं औषध उलट रक्तात परततं आणि तिथून स्नायूंकडे जातं. पाच-दहा मिनिटांत मेंदूतली पातळी इतकी उतरते की डोळे उघडतात. आमच्या भाषेत याला पुनर्वितरण म्हणतात. यकृत त्याचं काम नंतर तासन् तास करत बसतं. रक्तातली पातळी निम्म्यावर यायला अखेरच्या टप्प्यात ११-१२ तास लागतात.

भूल उतरली आणि औषध उतरलं, या दोन वेगळ्या घटना आहेत. रुग्णाच्या घरच्यांना हे नीट सांगितलं जात नाही, त्यासाठी हा धागा. तुमचे अनुभव आणि शंका लिहा.

पाणंद

ताई, मनापासून धन्यवाद. माझ्या वडिलांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर दिवसभर गुंगी होती आणि आम्ही उगाच घाबरलो होतो. त्यांना कोणतं औषध दिलं होतं ते ठाऊक नाही.

एक शंका. चरबी औषध पीत असेल, तर जाड माणूस लवकर जागा व्हायला हवा ना?

अबोली

@पाणंद, फार नेमकी शंका. शास्त्रज्ञही काही वर्षं असंच समजत होते. १९५० मध्ये ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की थायोपेंटोन चरबीत साठतं, आणि चरबी ते ओढून घेते म्हणून जाग येते असं सगळ्यांना वाटलं. १९६० मध्ये प्राइस यांनी रक्तपुरवठ्याचा हिशेब मांडला. पहिल्या दहा मिनिटांत चरबीला मिळणारं रक्त इतकं थोडं असतं की तिचा हात जवळजवळ लागतच नाही. मेंदू रिकामा होतो तो प्रामुख्याने स्नायू आणि इतर चरबीविरहित भागांमुळे. चरबीची पाळी नंतर येते, काही तासांनी.

म्हणून डोस ठरवताना काट्यावरच्या वजनापेक्षा चरबी वगळून येणाऱ्या वजनाकडे बघायचं. नव्वद किलोच्या माणसाला नव्वदच्या हिशेबाने दिलं तर पहिल्या मिनिटाला मेंदू आणि हृदयावर तो सगळा भार पडतो, कारण चरबी तेव्हा मदतीला येत नाही.

पुन्हा पुन्हा डोस दिले तर मात्र चित्र पालटतं. स्नायू भरत जातात. भरलेल्या सरीत आणखी पाणी जिरत नाही, तसंच. मग मेंदूतलं औषध जायला जागा उरत नाही आणि यकृताची वाट बघावी लागते. पहिल्या डोसनंतर दहा मिनिटांत उठणारा माणूस चौथ्या डोसनंतर तासभरही उठत नाही.

माणदेशी_पशुवैद्य

नमस्कार अबोलीताई. मी गुरांचा डॉक्टर, पण आमच्या भागात कारवानी कुत्री पुष्कळ, त्यामुळे हा विषय जवळचा. सशाच्या मागे धावणारं हे कुत्रं: लांब पाय, बारीक कंबर, अंगावर चरबी नावाला नाही. ग्रेहाउंडच्या धाटणीचं.

ग्रेहाउंडला थायोपेंटोन दिलं तर ते इतर कुत्र्यांच्या मानाने कितीतरी उशिरा उठतं. आम्हाला शिकवलं होतं की चरबी नाही म्हणून. नंतरच्या अभ्यासांत निघालं की त्यांचं यकृतच हे औषध मोडायला मंद आहे. गंमत पुढे आहे: ग्रेहाउंडांना आधी काही दिवस फेनोबार्बिटोन दिलं, तेव्हा त्यांचं यकृत तेच थायोपेंटोन वेगाने निपटू लागलं. एक बार्बिट्युरेट दुसऱ्याची वाट मोकळी करतं.

कारवानीवर असा अभ्यास माझ्या वाचनात नाही, पण बांधा तोच, म्हणून मी ते औषध त्यांना देत नाही. एका मेंढपाळाची कुत्री मी नोकरीला नवा असताना संध्याकाळपर्यंत उठली नव्हती. तो माणूस तिच्या पोटाला घोंगडी गुंडाळून माझ्या दारात बसून राहिला. रात्री साडेआठला तिने मान उचलली. तोवर मीही जेवलो नव्हतो.

चिऊची_आई

माझी मुलगी सात वर्षांची आहे. फिटसाठी तिला गार्डिनल चालू आहे, रात्री एकदा. या धाग्यात विचारणं योग्य आहे का माहीत नाही, पण विचारते.

मागच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो आणि गोळ्या संपल्या. गावातल्या दुकानात मिळेनात. दुकानदार म्हणाला चिठ्ठीशिवाय देत नाही आणि ठेवतही नाही. त्याचं बरोबरच होतं. पहिले दोन दिवस चिऊ अगदी छान होती, उलट जास्त तरतरीत. सासूबाई म्हणाल्या, बघ, लागतच नव्हती गोळी. मलाही आत कुठेतरी तसंच वाटलं, हे कबूल करते. पाचव्या दिवशी पहाटे तिला मोठी फिट आली. एसटी स्टँडवरून मिळेल त्या जीपने आम्ही शहर गाठलं.

मग पहिले दिवस ती चांगली कशी राहिली? आणि औषध अंगात इतके तास राहतं तर रोज कशाला द्यायचं?

अबोली

चिऊच्या आई, अगदी इथेच विचारा. आणि स्वतःला दोष देऊ नका. हे औषध ज्या पद्धतीने उतरतं, ती पद्धतच फसवी आहे.

गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन. पेंटोथॉलचंच भावंड, पण स्वभाव वेगळा. ते तेलात कमी विरघळतं, म्हणून मेंदूत सावकाश शिरतं आणि लपाछपी न खेळता सगळ्या अंगात पसरून राहतं. स्नायूंकडे पळून जाऊन त्याचा परिणाम संपत नाही. त्याला खरोखर शरीराबाहेरच जावं लागतं. काही भाग यकृत मोडतं, आणि साधारण पाव भाग जसाच्या तसा लघवीतून जातो. मोठ्या माणसात पातळी निम्मी व्हायला सरासरी तीन-चार दिवस लागतात. मुलांमध्ये हा काळ वयाप्रमाणे खूप बदलतो.

म्हणून गोळी थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत अंगात पुरेसं औषध शिल्लक होतं, आणि थोडं उतरल्यामुळे गुंगी गेली. ती तरतरी तीच. त्यानंतर पातळी फिट रोखण्याच्या रेषेखाली गेली. त्यात आणखी एक गोष्ट. रोज औषध मिळणारा मेंदू त्याच्या विरुद्ध दिशेला थोडा ताणून उभा राहिलेला असतो. समोरचा जोर काढून घेतला की तो तोल जाऊन पुढे येतो. फिट नसलेल्या माणसानेही ही गोळी बराच काळ घेऊन एकदम सोडली तर त्याला फिट येऊ शकते. म्हणूनच ती कमी करायची तर आठवड्या-आठवड्यांनी, डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी.

रोज का? पातळी खालीवर न होता एका जागी राहावी म्हणून. सुरू केल्यावर ती एका जागी यायलाच दोन-तीन आठवडे लागतात. तुम्हाला आठवत असेल, पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले असतील, "थांबा, अजून बघू."

चिऊची_आई

हो! नेमकं हेच म्हणाले होते, आणि मला वाटलं त्यांनाच खात्री नाही.

आता मी पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगळ्या डबीत ठेवते, आणि डबी प्रवासाच्या बॅगेतून काढतच नाही.

रसायन_मास्तर

फार्मसीच्या मुलांना हा गट शिकवतो म्हणून थोडी भर.

बार्बिट्युरिक आम्ल बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये बनवलं. त्याने स्वतः झोप येत नाही. त्याच्या एका कर्ब अणूवर दोन बाजूंना साखळ्या जोडल्या की झोपेचं औषध तयार होतं. पहिलं बार्बिटाल, १९०३, फिशर आणि फॉन मेरिंग यांचं. त्यानंतर १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल, म्हणजे वरचं फेनोबार्बिटोनच, बाजारात आलं, आणि त्याच वर्षी हाउप्टमान या तरुण डॉक्टरला त्याने फिट थांबतात हे दिसलं. थायोपेंटोन १९३४ चं, अमेरिकेतलं.

औषध कसं संपणार हे त्या साखळ्यांवर ठरतं. बार्बिटालच्या साखळ्या आखूड. यकृताला ते मोडता येत नाही, सगळं मूत्रपिंडावर पडतं, परिणाम लांबतो. फेनोबार्बिटाल मधलं. थायोपेंटोनमध्ये एका प्राणवायूच्या जागी गंधक बसवलंय. त्या एका अणूने ते तेलात इतकं विरघळू लागतं की मेंदूच्या पडद्यातून सरळ आत जातं. लसणाची जी चव त्या बाईंना लागली ती या गंधकाच्या घराण्यातली.

एका गोष्टीचा मला वर्गात दरवर्षी त्रास होतो. पुस्तकात या औषधांचे अतिअल्प, अल्प, मध्यम आणि दीर्घ असे गट आहेत. मुलं घोकतात. पण हे गट माणूस किती वेळ झोपतो यावरून पाडलेत, औषध किती वेळ अंगात राहतं यावरून नाही. सेकोबार्बिटाल अल्पकालीन गटात बसतं, आणि त्याची पातळी निम्मी व्हायला सरासरी एक दिवसाहून जास्त लागतो. रात्री झोपेची गोळी म्हणून घेणारी माणसं दुसऱ्या दिवशी जडच असणार. रोज घेतली तर कालची शिल्लक आजच्यात मिळत जाणार. पाटी कोरी होतच नाही.

कोकणसडा

+१. मास्तर, गंधकाचं माहीत नव्हतं. धागा वाचनखुणेत टाकला.

रात्रपाळी

मी मेंदूच्या आयसीयूत सिस्टर आहे. डोक्याला मार लागून मेंदूला फार सूज आली, बाकी उपायांनी दाब उतरत नसला, की थायोपेंटोन सतत थेंबाथेंबाने देऊन मेंदूला मुद्दाम खोल झोपवतात. मेंदूच्या लहरींचा कागद बघायला शिकलेय मी: सपाट रेघ, मग एकदम लहरींचा झुबका, परत सपाट रेघ. तेवढं खोल.

औषध बंद होतं आणि मग नातेवाइकांचा प्रश्न सुरू होतो. "सिस्टर, परवाच बंद केलंय ना, मग अजून डोळे का उघडत नाही?" एका मुलाचे वडील दर पाळीला मला विचारायचे. काचेतून बघायचे, हाताच्या बोटांवर तास मोजायचे. मी तेव्हा "वेळ लागतो" एवढंच सांगायचे, कारण माझ्याकडेच याहून जास्त उत्तर नव्हतं. अबोलीताईंचं ते भरलेल्या सरीचं वाचलं आणि पहिल्यांदा नीट कळलं.

ताई, चार-पाच दिवस सतत दिलं तर काय होतं ते जरा सविस्तर सांगाल?

अबोली

सांगते. तीन गोष्टी एकावर एक चढतात.

स्नायू भरलेले असतात. चरबीही, जी एका डोसमध्ये कोपऱ्यात बसून होती, ती आता तुडुंब असते. औषध बंद केल्यावर तीच उलट रक्तात औषध सोडत राहते. दुसरं म्हणजे यकृताची क्षमता संपते. थोडं औषध असेल तर यकृत असलेल्याच्या प्रमाणात मोडतं, पण खूप असेल तर ताशी ठरावीकच मोडू शकतं, जास्त आलं तरी वेग वाढत नाही. एकच चाळणी आणि दारात पोत्यांची थप्पी. तिसरं म्हणजे थायोपेंटोन मोडताना त्यातलं थोडं पेंटोबार्बिटाल होतं, आणि तेही झोपच आणतं.

म्हणून डोळे उघडायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि त्या दिवसांत मेंदू बरा होतोय की नाही हे बाहेरून कळत नाही. यातला सगळ्यात नाजूक भाग मेंदूमृत्यूच्या तपासणीचा. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतात, आणि त्याआधी बेशुद्धी झोपेच्या औषधाची नाही याची खात्री करावी लागते. खोल बार्बिट्युरेटमध्ये मेंदूच्या लहरी पूर्ण सपाट होऊ शकतात, आणि तरी तो मेंदू जिवंत असतो.

त्या वडिलांना द्यायचं उत्तर असं असतं: "औषध बंद केलंय, पण ते अजून त्याच्या अंगात आहे. ते जाईपर्यंत त्याच्याबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच ठरवता येत नाही." हे बोलायला अर्धा मिनिट लागतं.

रात्रपाळी

लिहून घेतलं. आजपासून असंच सांगेन.

जुना_फिजिशियन

वय सत्त्याहत्तर. माझ्या उमेदवारीत या गोळ्यांची विषबाधा नेहमी यायची, मुख्यतः आत्महत्येचे प्रयत्न. म्हणून लिहिणं मला कर्तव्य वाटतं.

या औषधांवर उतारा नाही. डायझेपामच्या गटावर चालणारं फ्लुमाझेनिल इथे चालत नाही. आमच्या आधीच्या पिढीने कोरामीनसारखी उत्तेजक इंजेक्शनं मारून रुग्णाला उठवायचा प्रयत्न केला. रुग्ण उठायचा नाही, फिट मात्र यायच्या. १९४९ पासून कोपनहेगनमध्ये क्लेमेसेन यांनी हे सगळं बंद केलं. श्वासनलिका मोकळी ठेवायची, श्वास द्यायचा, रक्तदाब सांभाळायचा, कूस बदलायची, आणि शरीराला औषध बाहेर टाकायला वेळ द्यायचा. तिथलं मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक-दोन टक्क्यांवर आलं. मला तरुणपणी या गोष्टीने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या औषधाने नाही शिकवलं.

फेनोबार्बिटोनला बाहेर घालवायला मदत करता येते, कारण ते मुळातच सावकाश आणि काही प्रमाणात मूत्रपिंडातून जातं. सोडा बायकार्ब शिरेतून देऊन लघवी अल्कधर्मी केली की त्यातलं औषध विद्युतभारित होतं आणि मूत्रपिंडाच्या नळीतून परत रक्तात शिरू शकत नाही, तिथेच अडकून वाहून जातं. दुसरा उपाय कोळशाचा. औषधी कोळसा दर काही तासांनी पोटात दिला की रक्तातलं औषध आतड्यात झिरपून त्याला चिकटतं. फार गंभीर असेल तर डायलिसिस. पेंटोथॉल किंवा सेकोबार्बिटालला लघवीचा उपाय लागू पडत नाही.

हे सगळं रुग्णालयात करायचं. घरात कोणी जास्त गोळ्या घेतल्याची नुसती शंका असली तरी "झोपू दे, उतरेल" म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट बरोबर घ्या. औषध उतरायच्या आधी श्वास थांबतो.

पाणंद

सर, डोळ्यांत पाणी आलं. ताई, एक शेवटचं: रक्तस्राव झालेल्या माणसाला पेंटोथॉल देत नाहीत असं ऐकलंय. पर्ल हार्बरचं उदाहरण देतात म्हणे?

अबोली

@जुना_फिजिशियन सर, नमस्कार. शेवटचं वाक्य मी आमच्या वॉर्डात लावणार आहे.

@पाणंद, डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरला पेंटोथॉलने पुष्कळ सैनिक दगावले अशी गोष्ट पुस्तकांतून फिरत आली. नंतर नोंदी तपासल्यावर ती बरीच फुगवलेली निघाली. त्यामागचं कारण मात्र खरं आहे. रक्त कमी पडलं की शरीर स्नायूंचा पुरवठा आखडतं आणि असेल नसेल ते मेंदू-हृदयाला पाठवतं. मधलं वावर बंद. मग नेहमीचाच डोस सगळा मेंदू आणि हृदयावर येतो, तिथून लवकर निघत नाही, आणि रक्तदाब कोसळतो. तसा रुग्ण आला तर डोस फार कमी करायचा, किंवा दुसरं औषध घ्यायचं.

आता बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल आलंय. जाग त्यातही मुख्यतः पुनर्वितरणानेच येते, पण यकृत ते फार भराभर निपटतं, म्हणून मागची गुंगी थोडी. आमच्या कपाटात पेंटोथॉलच्या बाटल्या अजून असतात.

चिऊची_आई

ताई, त्या बाईंचा हात बरा झाला का?

अबोली

झाला. मनगटावर वण राहिला.

दीड वर्षाने त्या परत आल्या, दुसऱ्या छोट्या कामासाठी. तोच डोस, तीच खोली. या वेळी घड्याळ लावून बसले. आठव्या मिनिटाला डोळे उघडले, नाव सांगितलं, चहा मागितला, अगदी पहिल्यासारखं. मी त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. चहा अर्धा पिऊन त्या झोपल्या, कपबशी मी हातातून काढून घेतली. दुपारी एकदा उठल्या, दोन घास खाल्ले, परत झोपल्या. संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे साधारण मागच्या वेळी त्या चुलीपुढे बसल्या होत्या त्याच सुमाराला, मी खाटेशी गेले. त्या गाढ झोपेत होत्या. नवरा शेजारी स्टुलावर बसला होता. मला बघून हळूच म्हणाला, "आज भाकऱ्या आईने केल्यात."

तेव्हापासून घरी सोडायच्या कागदावर मी हाताने एक ओळ लिहिते: आज रात्री चूल, शेगडी, विळी, गाडी नाही, आणि एकटीला ठेवायचं नाही.